सिंगापूरमधील प्रार्थनास्थळे

सिंगापूर या नगरराष्ट्रातील बौद्ध, ताओ, हिंदू, इस्लाम, ख्रिस्ती, शीख, ज्यू आदी धर्मांची उपासनास्थाने. २०२० च्या जनगणनेनुसार १५ वर्षे व त्यावरील रहिवाशांपैकी सुमारे ३१ टक्के बौद्ध, १९ टक्के ख्रिस्ती, १६ टक्के मुस्लिम, ९ टक्के ताओपंथी व ५ टक्के हिंदू होते. २० टक्के लोक कोणताच धर्म न मानणारे होते. एकाच रस्त्यावर देऊळ, मशीद आणि चिनी मंदिर पाहून प्रवासवर्णने सहिष्णुतेचे गोडवे गातात. हा शेजार घडवण्यात मात्र धर्मभावनेपेक्षा जमिनीच्या वाटपाचा हात मोठा आहे, असे या वास्तूंचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

सिंगापूरच्या ब्रिटिश वसाहतीचा संस्थापक स्टॅमफर्ड रॅफल्स याच्या १८२२ च्या नगररचनेत चिनी, मलय, भारतीय व युरोपीय यांच्या वस्त्या वेगवेगळ्या आखलेल्या होत्या. देवस्थानांनी ही आखणी पाळली नाही. रॅफल्सबरोबर पिनांगहून आलेल्या नारायण पिल्लै यांना देवळासाठी आधी तेलोक आयर रस्त्यावर जागा मिळाली होती. तिथे पूजेला लागणारे गोडे पाणीच नव्हते. अखेर साऊथ ब्रिज रोडवरची जागा पदरात पडली आणि १८२७ मध्ये लाकूड व झावळ्यांचे मरिअम्मन मंदिर उभे राहिले. जवळच तमिळ मुसलमानांची १८२६ मध्ये स्थापन झालेली जामे मशीद होती. भोवती वस्ती वाढली ती चिन्यांची. म्हणून गोपुर आणि मिनार आज चायनाटाऊनमध्ये दिसतात. तेलोक आयर रस्ता तेव्हा ऐन किनाऱ्यावर होता. सुखरूप उतरलेल्या होक्किएन चिनी प्रवाशांनी समुद्रदेवी माझूचे थियान हॉक केंग मंदिर (१८३९–४२) तिथे बांधले, आणि त्याच रस्त्यावर तमिळ मुसलमानांनी आधीच नागोर दर्गा (१८२८–३०) उभारला होता. दोघांनाही तिथे आणले ते बंदराने. भराव पडल्यामुळे समुद्र आता तिथून बराच दूर गेला आहे. १८६२ मध्ये अभिषिक्त झालेले सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल तर भारतीय कैद्यांच्या सक्तमजुरीतून उभे राहिले. आतल्या भिंतींच्या गुळगुळीत गिलाव्यात शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक व साखर घोटली होती आणि तो कालवायला नारळाच्या सोडणांचे पाणी वापरले होते. अशा मजुरीला आंतरधर्मीय सहकार्य म्हणणे धाडसाचे ठरेल.

जमीनवाटपाच्या या मांडणीवर पहिला आक्षेप असा, की यात भक्ताला काही किंमतच उरत नाही. आक्षेप पोकळ नाही. १९२० च्या दशकात सुलतान मशीद नव्याने बांधताना गरिबांनी दिलेल्या काचेच्या बाटल्यांची बुडे सोनेरी घुमटांच्या पायथ्याशी ओळीने बसवली गेली. वॉटरलू स्ट्रीटवर करुणादेवी क्वान यिमच्या दर्शनाला आलेले चिनी भाविक शेजारच्या श्रीकृष्ण मंदिरातही उदबत्ती लावतात. ही श्रद्धा खरीच. पण ती शेजार जुळल्यानंतरची. आणि नुसता शेजार पुरेसा नसतो: जुलै १९६४ मध्ये पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीतून चिनी-मलय दंगल भडकली, तेव्हा यांतली बहुतेक स्थाने शतकाहून अधिक काळ शहरात नांदत होती.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्योत्तर काळाचा: आजचा सलोखा तरी लोकांनी घडवला नाही का? १९६६ च्या भूसंपादन कायद्यामुळे सरकारला मोठ्या प्रमाणावर जमिनी घेता आल्या आणि पुनर्विकासात असंख्य लहान देवळे हलली. नव्या उपनगरांत प्रार्थनास्थळांचे भूखंड नियोजनकारच ठरवतात आणि ते साधारण ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतात. एकेका देवस्थानाला हा खर्च झेपत नाही. त्यामुळे विस्थापित चिनी देवळे वर्गणी काढून एका छपराखाली आली. देव्हारे वेगळे, बहुधा विश्वस्तही वेगळे. १९९० च्या धार्मिक सलोखा कायद्याने धर्मोपदेशकांच्या प्रक्षोभक वक्तव्यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. लोकांची समजूत याला पूरक ठरली हे मान्य, पण चौकट राज्याची आहे. लोयांगच्या तुआ पेक काँग मंदिरात ताओ देवतांबरोबर गणपती आणि मलय परंपरेतील मुस्लिम ‘केरामत’ (संतस्थान) एकत्र पुजले जातात. १९९६ च्या आगीतून सावरलेले हे मंदिर पुढे नव्या जागेत गेले. ती जागाही भाडेपट्ट्याचीच.