एचएचं पेनिसिलिन : एका ऱ्हासाच्या तारखा

"देश खाली चाललाय." हे वाक्य तुम्ही या आठवड्यात किती वेळा ऐकलंत? चाकणच्या शेअर रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, घरच्या ग्रुपवर. नोकऱ्या नाहीत, महागाई आहे, पूर्वी कसं सगळं बरं होतं. मी या वाक्याची चेष्टा करणार नाही. तिसऱ्या कंपनीतून तिसऱ्यांदा 'ब्रेक' मिळून घरी बसलेल्या पंचविशीतल्या मुलासाठी ते अगदी खरं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. हे वाक्य आपण हवामानाच्या अंदाजासारखं बोलतो. आभाळ भरून यावं तसा ऱ्हास आला, कोणी आणला नाही, कधी आला तेही माहीत नाही.

म्हणून आज पिंपरीतल्याच एका ऱ्हासाच्या तारखा लावून बघू. विषय ओळखीचा आहे : हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली 'एचए'.

१९४४ ते १९५४

गोष्ट सुरू होते ती पिंपरीत नाही, येरवड्याला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना कस्तुरबा गेल्या. शेवटच्या दिवसांत मुलगा देवदास यांच्या आग्रहामुळे त्यांच्यासाठी पेनिसिलिन आणवलं होतं. ते टोचलं गेलं नाही. आता तिला सुयांचा त्रास नको, असं गांधीजींचं मत पडलं. तेव्हा पेनिसिलिन आपल्याकडे बाहेरून यायचं आणि मोठ्या खटपटीनंतरच मिळायचं, एवढं या प्रसंगातून लक्षात ठेवा.

दहा वर्षांनी, मार्च १९५४ मध्ये, तिथून काही कोसांवर पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड स्थापन झाली. औषधं बनवणारी स्वतंत्र भारताची ही पहिली सरकारी कंपनी. यंत्रसामग्री युनिसेफची, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं.

तेव्हाची पिंपरी डोळ्यांसमोर आणा. रेल्वे स्टेशन, शेतं, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प. एमआयडीसी आली १९६२ मध्ये, नगरपालिका १९७० मध्ये, महापालिका १९८२ मध्ये. म्हणजे शहराच्या आधी कारखाना होता. कारखान्यासोबत कॉलनी, शाळा, मैदान आलं, आणि 'एचए' हे कंपनीचं नाव पत्त्याचा भाग होऊन बसलं.

बुरशी पाळणं

इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

पेनिसिलिन बुरशीकडून करून घ्यावं लागतं. पेनिसिलियम नावाची बुरशी मोठ्या पोलादी टाक्यांत वाढवतात. तिला साखर लागते, नत्र लागतं, सतत निर्जंतुक हवा लागते, आणि तापमान साधारण २५ अंशांच्या आसपास सांभाळावं लागतं. टाकीत एखादा परका जंतू शिरला की अख्खी बॅच गटारात. वीज जाऊन हवा थांबली तरी तेच. त्यात बुरशीचं वाणही स्थिर राहत नाही. नीट जपलं नाही तर पिढ्यांमागून पिढ्या ते कमी पेनिसिलिन द्यायला लागतं. फ्लेमिंगच्या बुरशीपासून आजच्या औद्योगिक वाणापर्यंत उत्पादन हजारो पटींनी वाढलंय, आणि ते निवड करत, चाळत, पुन्हा निवड करत वाढलंय.

मायक्रोबायोलॉजी शिकताना आम्हाला हे सगळं एका आकृतीत संपवलं होतं. प्रत्यक्षात ते माणसांच्या हातात असतं. फेसाचा रंग, टाकीचा वास, बदललेला आवाज, यावरून काहीतरी बिघडतंय हे रात्रपाळीतल्या अनुभवी ऑपरेटरला आधी कळतं आणि प्रयोगशाळेला नंतर.

एचएमध्ये हे ज्ञान तयार झालं आणि तिथेच थांबलं नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचं औषध शोधलं. ते देणाऱ्या जिवाणूचं नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हो, पिंपरीवरून! इथल्या मातीतला जंतू जगाच्या वैज्ञानिक यादीत आपल्या गावाचं नाव लावून बसलाय. पिकांवरच्या बुरशीसाठीचं ऑरिओफंजिनही इथलंच. 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' हे कंपनीचं स्वतःचं संशोधनपर नियतकालिक होतं.

आता उतरत्या तारखा

पहिली गोष्ट म्हणजे किमती. सत्तरच्या दशकापासून, आणि १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानंतर जास्तच काटेकोरपणे, औषधाची किंमत सरकार ठरवत होतं. गरीब रोग्याच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पण कंपनीचा मालक सरकार आणि विक्रीचा दर ठरवणारंही सरकार. मग नवं वाण, नव्या टाक्या यांसाठी पैसा कुठून यायचा?

दुसरी तारीख १९९१. त्यानंतर आयातीवरचे निर्बंध सैल होत गेले, शुल्क उतरलं. त्याच काळात चीनने प्रचंड क्षमतेचे फर्मेंटेशन कारखाने उभे केले. त्यांचं पेनिसिलिन-जी आपल्यापेक्षा स्वस्त पडू लागलं.

तिसरी तारीख १९९७. एचए अधिकृतरीत्या 'आजारी उद्योग' ठरली आणि बीआयएफआरच्या दारात गेली. २००६ मध्ये केंद्राने पुनरुज्जीवनाचं पॅकेज दिलं, पण ते पुरलं नाही. कामगारांचे पगार महिनोन्महिने थकू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची सुमारे ८८ एकर जमीन विकून देणी भागवायला मंजुरी दिली. ज्या कंपनीमुळे त्या जमिनीला शहरात भाव आला, तिलाच पगारासाठी जमीन विकायची वेळ आली.

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक : "सरकारी कंपनी, कामं करायचीच नाहीत." दुसरं : "चीनने मारलं." दोन्हींत तथ्य आहे. जुनी यंत्रं, जास्त मनुष्यबळ आणि दिल्लीहून उशिरा येणारे निर्णय हे खरंच होतं. पण फक्त सरकारी आळस हे कारण असतं तर खासगी कारखाने तरले असते. तसं झालं नाही. देशातले पेनिसिलिन-जीचे खासगी कारखानेही एकामागून एक बंद पडले. आणि फक्त चीन म्हणाल, तर आयात उघडण्याचा निर्णय बीजिंगमध्ये झाला नव्हता.

हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगायला हवं. स्वस्त कच्च्या मालावर आपल्या कंपन्यांनी ॲमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या बनवल्या, जगभर विकल्या, आणि तुमच्या-माझ्या घरातही त्या परवडू लागल्या. चूक हिशेबाच्या वहीत होती. किलोमागे किती रुपये वाचले, याचा रकाना होता. बुरशी पाळता येणारी माणसं निवृत्त होतायत आणि त्यांच्या हाताखाली नवीन कोणी नाही, याचा रकानाच नव्हता.

ती रक्कम २०२० मध्ये दिसली. कोविड आला, सीमेवर तणाव झाला, आणि महत्त्वाच्या अँटिबायोटिक्सच्या कच्च्या मालासाठी आपण जवळजवळ पूर्णपणे एका देशावर अवलंबून आहोत हे सगळ्यांच्या लक्षात आलं. सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली. त्या योजनेतून २०२४ मध्ये काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा नवा खासगी कारखाना सुरू झाला. १९५५ मध्ये पिंपरीत जे येत होतं, ते पुन्हा यावं म्हणून आपण जवळजवळ सत्तर वर्षांनी अनुदान देतोय.

मग चाकणचं काय?

तुम्ही म्हणाल, एक कंपनी गेली म्हणून काय झालं? शहर तर वाढलंच. बरोबर आहे. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाख होती, २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, पाठोपाठ महिंद्रा. उत्पादन मोजलं तर ऱ्हास कुठेच दिसत नाही.

पण कारखान्याचं आयुष्य मोजून बघा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. बारा वर्षं. पुढे तो ह्युंदाईने घेतला. इमारत वाचली, पण तिथल्या कामगाराच्या बारा वर्षांना पुढे किंमत काय? आणि सुरुवातीला म्हटलेला तो 'ब्रेक' : २४० दिवस काम भरलं की कायद्याने काही हक्क मिळतात, म्हणून त्याआधीच मुलाला थांबवायचं आणि दुसरा घ्यायचा. कंपनीच्या वहीत ही बचत असते. पण टाकीचा आवाज ओळखायला शिकायला २४० दिवसांपेक्षा जास्त लागतात, मग टाकी पेनिसिलिनची असो की रंगाची.

एचएचा काळ सोन्याचा होता, असं मला म्हणायचं नाही. कायम नोकरी थोड्यांनाच मिळाली, आणि कॉलनीच्या भिंतीबाहेर तेव्हाही रोजंदारी होतीच. पण त्या कंपनीत शिकलेलं पुढच्या माणसाला द्यायला वेळ होता. शहर वाढत असताना तो वेळ कमी होत गेला, आणि कुठल्याही आकडेवारीत तो दिसला नाही. म्हणूनच 'देश खाली चाललाय' म्हणणारा आणि 'शहर केवढं वाढलं' म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात. दोघांच्या वह्या वेगळ्या आहेत.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात किंवा सोसायटीत एचएमधून निवृत्त झालेले कोणी काका-मावशी असतील, तर त्यांना पगार किती होता हे विचारू नका. बॅच बिघडतेय हे कसं कळायचं, ते विचारा. आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. वार्षिक अहवालांत ते मिळत नाही, मी शोधून बघितलंय.