डळमळती स्मृति

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधांचा इतिहास लिहितात. बिघाडांचा इतिहास लिहिण्याचें कोणी मनावर घेत नाहीं. बखरकारानें धन्याचे विजय रंगवून सांगावे आणि पराभव दोन ओळींत उरकावे, तशांतलाच हा प्रकार आहे. वास्तविक एखादें यंत्र सामान्य माणसांच्या घरांत कसें नांदलें हें जाणावयाचें असेल, तर तें कोठें अडत असे आणि अडल्यावर घरचीं माणसें काय करीत, हें आधीं विचारलें पाहिजे. इंग्लंडांत १९८१ सालीं निघालेल्या एका स्वस्त घरगुती संगणकाची, आणि विशेषतः त्याच्या पाठीशीं लावावयाच्या एका काळ्या डबीची, हकीकत आम्ही याच हेतूनें वाचकांपुढें ठेवीत आहों.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं १९८० सालीं शंभर पौंडांच्या आंत संगणक विकून दाखविला, आणि ५ मार्च १९८१ रोजीं त्याहूनहि स्वस्त असा ‘झेडएक्स-८१’ बाजारांत आणला. तयार यंत्राला ६९ पौंड ९५ पेन्स. सुटे भाग नेऊन घरीं डाख देत जोडावयाचें असल्यास ४९ पौंड ९५ पेन्स. स्कॉटलंडांतील डंडी येथें टाइमेक्स कंपनीच्या कारखान्यांत तो तयार होई. त्याचे पंधरा लाखांहून अधिक नग खपले. ही किंमत साधली ती निव्वळ काटकसरीच्या बळावर. पडदा म्हणून घरांतलाच दूरचित्रवाणी-संच, संग्रहासाठीं घरांतलाच कॅसेट टेपरेकॉर्डर, कळांच्या जागीं एक सपाट पापुद्रा, आणि पोटांत अवघ्या चार-पांच चिपा! स्मृतीच्या बाबतींत तर ही काटकसर कृपणतेच्या हद्दींत शिरली होती. एकंदर स्मृति एक किलोबाइट, म्हणजे १०२४ घरें. त्यांतलीं १२५ यंत्र स्वतःच्या टिपणांसाठीं राखून ठेवी, पडदा अक्षरांनीं पूर्ण भरला तर त्याला ७९३ लागत, उरलीं १०६. एवढ्या ओसरीवर कोणता संसार थाटावा?

म्हणून ती काळी डबी. तिला रॅम पॅक म्हणत, आणि तिच्यांत सोळा किलोबाइट स्मृति होती. आरंभीं तिची किंमतहि ४९ पौंड ९५ पेन्स, म्हणजे सुट्या भागांच्या संगणकाइतकीच होती. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही आपली म्हण साहेबाच्या देशांतहि खरी ठरली म्हणावयाची. डबी लावली कीं यंत्राच्या पोटांतील मूळचा किलोबाइट निजून जाई व सर्व कारभार डबीकडे येई. एकूण सतरा होत नसत, सोळाच राहत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें दोष शोधतांना तिचें काम पडणार आहे.

खरी मेख होती ती सांध्यांत. संगणकाच्या मागील बाजूस आंतल्या फळीची कड थोडी उघडी ठेवलेली असे. तिच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या, आणि डबीच्या तोंडांतील स्प्रिंगा त्या पट्ट्यांना चिमटीसारख्या धरीत. न मळसूत्र, न कडी, न खिटी. सबंध डबी त्या चिमटीच्या भरंवशावर उभी. त्यांत यंत्र वजनानें हलकें आणि पापुद्र्यावरील कळ जोरानें दाबावी लागे. कळ दाबली कीं यंत्र किंचित् हाले, यंत्र हाललें कीं डबी डुले, आणि निमिषमात्र जरी एखादा संपर्क सुटला तरी प्रोसेसराच्या हातीं भलतीच आज्ञा पडे. मग पडद्यावर पट्टे तरी उमटत, नाहीं तर तो अगदीं कोरा होई. तीन तास खपून एखाद्या मुलानें मासिकांतून अक्षर-अक्षर उतरून घेतलेली आज्ञावली गेली ती गेलीच. टेपवर ठेवलेली असली तरी सोळा किलोबाइट परत चढवावयास पांच-सहा मिनिटें लागत, आणि तेवढ्या वेळांत कोणी टेबलाला धक्का न द्यावा अशी प्रार्थना करावी लागे.

यावर लोकांनीं जे उपाय काढले ते कोणत्याहि कारखान्याच्या दप्तरांत सांपडावयाचे नाहींत. पण ते जुन्या डब्यांच्या अंगावर अजून दिसतात. भिंतीवर चित्रें डकविण्याचा ब्लू-टॅक नांवाचा निळा चिकट गोळा डबीच्या खालीं दाबून बसविणें हा सर्वांत लोकप्रिय. कोणी दुहेरी चिकटपट्टी लावी, कोणी यंत्र आणि डबी दोन्ही एका लांकडी फळीवर पक्कीं करी. सिंक्लेअरचा छोटा छपाईयंत्राचा जोड आणला तर तो संगणक व डबी यांच्यामध्यें बसे, म्हणजे डळमळणाऱ्या सांध्याला आणखी एक सांधा! मेमोटेक नांवाच्या दुसऱ्या एका कंपनीनें तर झेडएक्स-८१ च्या पाठीच्या आकाराला जुळणाऱ्या डब्या विकून आपलें बस्तान बसविलें.

घरोघरीं लोक मात्र म्हणत, “स्मृति बिघडली.” आमचा मुद्दा असा कीं बहुतेक वेळां स्मृति शाबूत असे, सांधा सुटलेला असे, आणि आज जुनीं यंत्रें दुरुस्त करणारेहि याच भ्रमानें आधीं चिपांवर हात टाकतात. वास्तविक क्रम उलटा हवा. प्रथम वीज बंद करून डबी काढावी (वीज चालू असतांना ती काढूं-घालूं नये), आणि यंत्र एकटें सुरू करून पाहावें. एकटें चाललें आणि डबीसह मुळींच जागें झालें नाहीं, तर दोष डबींत किंवा सांध्यांत. कारण डबी असतां पोटांतला किलोबाइट निजलेला असल्यामुळें तो मदतीला येऊं शकत नाहीं. मग पट्ट्यांवर चढलेलें पुट पुसून काढावें. पुष्कळ रोगी येथेंच बरे होतात.

न झाल्यास यंत्राचीच साक्ष काढावी. सुरू होतांच तें आपली स्मृति आपणच मोजतें: प्रत्येक घरांत २ हा आंकडा लिहितें, मग खालून वर जात तो दोनदां एकेकानें कमी करून शून्य येतें कीं नाहीं तें पाहतें, आणि जेथें जुळत नाहीं तेथें सीमा मानून तो पत्ता १६३८८ व १६३८९ या घरांत नोंदवितें. पहिल्या घरांतील आंकड्यांत दुसऱ्याची २५६ पट मिळविली कीं निरोगी डबीचा जबाब येतो ३२७६८, एकट्या यंत्राचा १७४०८. मधलाच आंकडा आला तर पहिलें नादुरुस्त घर तेथें आहे. परंतु ही परीक्षा फारच सवलतीची आहे. दोनाच्या पुढचा आंकडा ती विचारीतच नाहीं, तेव्हां वरचे बिट मुके असलेलीं घरेंहि तींत उत्तीर्ण होतात. म्हणून मोकळ्या घरांत ८५ आणि मग १७० लिहून परत वाचावे. डबींत आठ चिपा असून प्रत्येक घराचा एकेक बिट निराळ्या चिपेंत राहतो. ८५ लिहून ८१ वाचला गेला तर चाराचा फरक, म्हणजे तिसऱ्या बिटाची चिप दोषी. फरक आठहि बिटांत विखुरलेला असेल तर मात्र चिपांना दोष देऊं नये. या चिपांना तीन दाब लागतात, १२, ५ आणि उणें ५ व्होल्ट, आणि पहिला व तिसरा डबी स्वतःच नऊ व्होल्टांतून घडविते. उणें पांच नाहींसा होऊन बारा तसाच राहिला तर चिपा हकनाक जळतात. म्हणून नवी चिप बसविण्यापूर्वीं दाब मोजावे.

सिंक्लेअर यांनीं लोकांना फसविलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन मळसूत्रांचा खर्च वांचविणें हें समर्थनीय नव्हे, आणि त्या सांध्याची लाज त्यांना वाटावयास हवी होती. पण महागड्या यंत्राची वाट पाहत बसणें ज्या घरांना परवडणारें नव्हतें तेथें याच कृपणतेनें संगणक पोंचविला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमची तक्रार आजच्या संग्राहकांविरुद्ध अधिक आहे. पुष्कळ जण डबीचें पोट रिकामें करून आंत आधुनिक स्मृतीची एकच चिप बसवितात, निळ्या गोळ्याचे डाग पुसतात, आणि यंत्र कधीं अडतच नव्हतें असा देखावा उभा करतात. ताम्रपटावरील अक्षरें घासून तो लखलखीत करण्यासारखेंच हें आहे. बदल करावाच, पण काढलेलें जपून ठेवावें आणि काय बिघडलें होतें तें लिहून ठेवावें.

२३ एप्रिल १९८२ रोजीं आलेल्या स्पेक्ट्रमांत स्मृति यंत्राच्या पोटांतच गेली व डळमळ संपली. काटकसर संपली नाहीं. ४८ किलोबाइटांच्या यंत्रांतील वरच्या ३२ साठीं अशा चिपा घेतल्या कीं ज्यांचा अर्धा भाग कारखान्यांतच नापास झाला होता, आणि त्यामुळें त्या स्वस्त पडल्या. कोणता अर्धा निरोगी तें फळीवरील एका तारेच्या जोडानें ठरे, आणि आठहि चिपांचा तोच अर्धा निरोगी असावा लागे. आजचा एखादा उत्साही दुरुस्तीकार जुन्या यंत्रांतून काढलेली दुसऱ्या अर्ध्याची चिप आणून बसवितो, आणि चांगली चिप बिघडलेली समजून फेकून देतो.