स्ट्रीटफायटर : पडलेल्या गाडीची पुनर्घडण

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या समाजात मोठ्या जिव्हाळ्याने उच्चारला जातो. जे ढासळले ते पूर्ववत् उभे करावयाचे, हा त्यातील भाव. परंतु पूर्वरूप देण्याचा खर्च जेव्हा मालकाच्या ऐपतीबाहेर जातो, तेव्हा मनुष्य निराळा मार्ग धरतो. जे हाती उरले, त्यातूनच तो दुसरी वस्तू घडवितो. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंड आणि जर्मनी या देशांत मोटरसायकलींच्या बाबतीत हेच घडले, व त्यातून ‘स्ट्रीटफायटर’ नावाचा प्रकार जन्मास आला. नाव मोठे दांडगाईचे आहे. त्यामागील इतिहास मात्र हाणामारीचा नसून जमाखर्चाचा आहे.

या आख्यानाचा पूर्वरंग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये सापडतो. नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ साली उघडलेले ‘एस कॅफे’ हे मूळचे मालमोटारी हाकणाऱ्यांचे विसाव्याचे ठिकाण. पुढे तेथे मोटरसायकलवाल्या तरुणांचा अड्डा जमू लागला. हातात पैसा बेताचा आणि वेगाची हौस मात्र उदंड! याच सुमारास, १९५० साली, नॉर्टन कंपनीने शर्यतीसाठी एक नवा सांगाडा पुढे आणला. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी तो रचला होता. हॅरोल्ड डॅनियल या स्वाराने त्यावर बसणे म्हणजे पिसांच्या गादीवर बसणे, अशा आशयाचे उद्गार काढले, आणि सांगाड्याला ‘फेदरबेड’ हेच नाव पडले.

येथे एक गमतीची गोष्ट घडली. ५०० सी.सी.च्या छोट्या शर्यती मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचे ‘मँक्स’ इंजिन हवे असे. पण कंपनी ते सुटे विकीत नसे. तेव्हा ही मंडळी अख्खी मोटरसायकल विकत घेत, इंजिन काढून मोटारीत बसवीत आणि बाकीचा सांगाडा विकून टाकीत. त्या काळचा तो उत्तम सांगाडा अशा रीतीने उष्टा होऊन बाजारात आला. पोरांनी तो उचलला आणि त्यात ट्रायम्फ कंपनीचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसविले. कुडी एकीची, प्राण दुसरीचा. दोन्ही नावांची सांगड घालून या गाडीला ‘ट्रायटन’ म्हणू लागले. कोणत्याही कारखान्याने न काढलेली ही गाडी आज जुन्या वाहनांच्या शौकिनांत मोठ्या मानाने मिरविते.

स्ट्रीटफायटरचा वंश येथून निघतो. त्याला जन्म देणारी अडचण मात्र पुढच्या पिढीची आहे. १९८४ साली कावासाकीची जी.पी.झेड. ९००आर आणि १९८५ साली सुझुकीची जी.एस.एक्स.-आर ७५० या गाड्या बाजारात आल्या. सुझुकीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, इंजिन सुमारे १०० अश्वशक्तीचे, आणि तेलपाण्यावाचूनचे वजन १८० किलोच्या आत. वारा कापण्यासाठी तिच्या अंगावर फेअरिंगचे, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला ‘फायबर’ म्हणतात त्याचे, आवरण चढविलेले होते. शर्यतीच्या मैदानावरची गाडी जवळजवळ तशीच सामान्य माणसाच्या दारात येऊन उभी राहिली.

आणि सामान्य माणूस पडतो. वळणावर चाक घसरते, गाडी एका कुशीवर फरफटत जाते. इंजिनाला काही होत नाही, सांगाडाही पुष्कळदा शाबूत असतो. परंतु फायबरचे भाग, आरसे, दिवे, दिव्यांचे आधार यांचा चुराडा होतो. कंपनीकडून ते सारे नवे आणावयाचे, तर थोड्या जुन्या गाडीच्या किमतीला ते भारी पडते. मग विमा कंपनी गाडी निकालात काढते आणि तिचा सांगाडा स्वस्तात विकला जातो. धडधडते इंजिन, निरोगी चाके आणि कवडीमोल किंमत! तरुणांनी ओळखले, की जे तुटले आहे ते मुळी बसवूच नये.

काम दिसते तितके सोपे नाही. पहिली गोष्ट करवत नव्हे, मोजपट्टी. पुढचे फोर्क वाकले आहेत काय, हँडलाच्या मुळाशी सांगाड्याला तडा गेला आहे काय, दोन्ही चाके एका रेषेत आहेत काय, हे पाहिल्यावाचून जो रंगाचा डबा उघडतो, तो गाडी सजवीत नाही, अपघात झाकून ठेवतो. हौशी मंडळींपैकी किती जण ही परीक्षा नीट करीत असतील, याची मला शंकाच आहे. फायबर उतरविल्यावर पुढचा दिवा निराधार होतो, कारण तो बहुधा आवरणाच्या चौकटीवरच बसविलेला असतो. त्यासाठी फोर्कांवर नवे आधार बसवावे लागतात. खाली वाकावयास लावणारे दोन तुकड्यांचे हँडल काढून उंच, रुंद, सलग हँडल घातले, की ब्रेकच्या नळ्या व केबली तोकड्या पडतात. त्या लांब घ्याव्या लागतात आणि हँडल पूर्ण वळविले असता त्या ताणत नाहीत, हेही पाहावे लागते. आवरणाखाली दडलेल्या तारांचा गुंता आता चव्हाट्यावर येतो. शेपूट कापून आखूड करतात.

या सर्वांचा परिणाम स्वारावरही होतो. मनगटावरचा भार हलका होतो, रुंद हँडलामुळे गाडी शहरातील वळणांत चटकन ऐकते. उलट, वेग वाढला की वारा थेट छातीवर आदळतो.

पुढे या उघड्या रूपाचीच आवड उत्पन्न झाली, आणि आवड दिसली की कारखानदार स्वस्थ बसत नाही. १९९३ साली डुकाटीने मिगेल गालुत्सी यांनी रेखाटलेली ‘मॉन्स्टर’ विक्रीस आणली. ट्रायम्फने १९९७ साली आपल्या ‘स्पीड ट्रिपल’ला दोन उघडे वाटोळे दिवे दिले; ते थेट गल्लीतील गाड्यांवरून उचललेले वाटतात. २००९ साली तर डुकाटीने ‘स्ट्रीटफायटर’ हे नावच गाडीला दिले. दारिद्र्याने शिकविलेली युक्ती सधनांच्या दुकानात आली, याचा मला थोडा खेद वाटतो. पण त्या गाड्या चालविण्यास चांगल्या आहेत, हेही कबूल केले पाहिजे.

ही लाट आपल्या सह्याद्रीपर्यंतही पोहोचली. पुण्याजवळच्या चाकण येथील बजाजच्या कारखान्यातून २०१२ साली केटीएमची २०० ड्यूक आणि पल्सर २०० एन.एस. या गाड्या देशातील रस्त्यांवर आल्या. ‘एन.एस.’ची फोड ‘नेकेड स्पोर्ट’ अशी आहे. घरच्या घरी गाडी बदलण्याची वाट मात्र येथे अरुंद आहे. जर्मनीत तज्ज्ञाकडून तपासणी करून बदल गाडीच्या कागदांत नोंदविता येतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. म्हणून म्हापशाच्या वा बेळगावच्या एखाद्या तरुणाची फायबरवाली गाडी पडली, तर करवत हाती घेण्यापूर्वी त्याने हे कलम वाचलेले बरे. चाकणच्या उघड्या गाड्यांच्या बाबतीत तो हिशेब क्वचितच उद्भवतो. त्या पडल्या, तरी तुटावयास त्यांच्या अंगावर फायबरच थोडे.