परसातील कोंबडी : पेण व रोहा परिसरातील घरगुती कुक्कुटपालनाचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

कुलाबा जिल्ह्याचा (1981 पासून रायगड जिल्हा) आर्थिक इतिहास लिहिताना भात, मीठ, मासळी, जंगल आणि खोती हे विषय प्रामुख्याने पुढे येतात. त्यांची कागदपत्रे उपलब्ध आहेत. सारा, खंड, जकात व मक्ता यांच्या निमित्ताने सत्तेने त्यांची मोजदाद ठेवली होती. ज्या वस्तूची अशी मोजदाद झाली नाही ती इतिहासातूनही निसटली. पेण आणि रोहा तालुक्यांतील घराघरांच्या परसात चरणारी कोंबडी ही अशीच एक वस्तू होय. सातबाराच्या उताऱ्यावर पीक लागते, झाड लागते. कोंबडी लागत नाही.

आज शहरी माणूस परसात चार कोंबड्या पाळतो तेव्हा त्याला ‘हौस’ म्हणतात आणि शेडमध्ये चार हजार कोंबड्या वाढविल्या जातात तेव्हा त्याला ‘धंदा’ म्हणतात. ही विभागणी फार जुनी नाही. पेण-रोह्याच्या खेड्यांतील कोंबडी या दोन्ही कप्प्यांत बसत नव्हती. ती बहुतांशी घरातील स्त्रीची होती आणि तिच्यापासून मिळणारा पैसाही स्त्रीच्याच हाती राहत होता. स्वातंत्र्योत्तर काळात कुक्कुटपालनाच्या विकासाचे जे प्रयत्न झाले त्यांनी अंड्यांचे व मांसाचे उत्पादन निःसंशय वाढविले. परंतु त्या प्रयत्नांच्या हिशेबात या पैशाला जागा नव्हती, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

परसाची व्यवस्था

पेण तालुक्याचा पश्चिमेकडील भाग हा खारेपाट. बांध घालून खाडीपासून सोडविलेली ही जमीन पावसाळ्यात भाताचे एकच पीक देते. रोह्याकडे कुंडलिकेचे खोरे व त्याला लागून डोंगराळ, जंगली भाग आहे. दोन्हीकडे कोंबडीचे खाद्य मात्र एकच होते, आणि ते म्हणजे माणसाला न लागणारे सर्व काही : खळ्यावर सांडलेले भात, कांडपातून उरलेला कोंडा व कणी, उकिरड्यातील किडे, गोठ्यातील गोचीड, मासळी साफ केल्यावर उरलेली घाण. कुळाकडून खोताला द्यावयाचा खंड भातात मोजला जाई. सांडलेल्या दाण्यावर वाढलेली कोंबडी त्या मापात येत नव्हती. 1933 ते 1939 या काळात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कुळांच्या संपाचा अभ्यास करताना जमीन न कसता या कुटुंबांनी इतकी वर्षे कशी काढली, हा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. मजुरी, मासळी व लाकूडफाटा ही त्याची सांगितली जाणारी उत्तरे आहेत. परसातील लहानसहान जिनसांचा विचार त्यात क्वचितच होतो.

रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली, दिवसा मोकळे, अशी या पक्ष्यांची राहणी असे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण मराठीत रूढ आहे. ती रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओटीवर पालथे घातलेले डालगेच असले पाहिजे. पिलांवर घारीची नजर, खुराड्याच्या फटीवर मुंगसाची व रानमांजराची नजर. पावसाळ्याच्या तोंडावर मानमोडीची साथ. दहा पिलांतून तीन-चार मोठी झाली तरी पुष्कळ झाले असे मानले जाई, कारण त्यांच्यासाठी रोख खर्च काहीच झालेला नसे.

रोह्याच्या डोंगरपट्ट्यात, विशेषतः 1986 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या फणसाडच्या जंगलात, करड्या रंगाचा रानकोंबडा आढळतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तो नव्हे. तो मान तांबड्या रानकोंबड्याचा असून त्याचे नैसर्गिक क्षेत्र कोकणाबाहेर आहे. मात्र 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून असे दिसून आले की, पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक या करड्या रानकोंबड्याकडूनच आले आहे. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत दक्षिण व पश्चिम भारतातील जंगलांचा हा अंश आहे. याच पक्ष्याच्या मानेवरील ठिपकेदार पिसांना इंग्लंड-स्कॉटलंडमधील गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींकडून मोठी मागणी होती, ही गोष्ट हौसेच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे. कातकरी व ठाकूर यांना हा पक्षी फासे लावून पकडण्याचे कसब अवगत होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गुन्हा ठरले.

कोंबडी कोणी पाळावी हेही जातीने ठरलेले होते. आगरी, कोळी, कुणबी, महार, कातकरी, ठाकूर, मुसलमान यांच्या वस्तीत कोंबडी सर्रास असे, तर ब्राह्मण व वाणी आळीत तिला मज्जाव असे. आळी कोणाची आहे हे पहाटेच्या आरवण्यावरून कळत असे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पेण येथे 1863 मध्ये सिनेगॉग उभारणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे स्थान येथे वेगळे दिसते. तेलाच्या घाण्याचा त्यांचा परंपरागत व्यवसाय व शनिवारची सुट्टी यांमुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज मांसाहारी होता, परंतु त्याच्या धर्मनियमानुसार पक्षी विशिष्ट पद्धतीनेच व जाणत्या माणसाच्या हातूनच कापला जाणे आवश्यक होते. त्यामुळे बाजारातील तयार मांसापेक्षा घरचा जिवंत पक्षी त्यांच्या दृष्टीने अधिक सोयीचा होता.

अंड्यांचे मोल

परसातील कोंबडीचे उत्पन्न अत्यंत लहान रकमांचे असे आणि म्हणूनच ते पुरुषांच्या नजरेत भरत नसे. चार अंडी दुकानात देऊन मीठ, तेल, आगपेटी आणावी. मुलाच्या पाटीसाठी एक तलंग विकावी. माहेरून भाऊ आला तर कोंबडा कापावा. भाताचा पैसा वर्षातून एकदा, पुरुषाच्या हाती येई व बहुधा सावकाराच्या हाती जाई. अंड्याचा पैसा आठवड्याला येई आणि पदराच्या गाठीत राही. हिंदू कायद्याने ज्याला स्त्रीधन म्हटले त्यात दागिने आले, भांडी आली. कोंबडीचा उल्लेख तेथेही नाही. व्यवहारात मात्र गरीब घरातील स्त्रीचे विनापरवानगी खर्च करता येईल असे धन बहुतेक वेळा एवढेच होते.

या धनावर देवाचाही हक्क होता. गावदेवी, चेडा, वेताळ यांना द्यावयाचा कोंबडा, आजारपणात बोललेला नवस, लावणी आटोपल्यावरची राखण ही देणी बाहेरून विकत आणून भागवायची नसत. त्यासाठी विशिष्ट रंगाचा कोंबडा आधीपासूनच राखून ठेवला जाई. गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनांतून पशुबळीवर कठोर टीका केली. ती रास्त होती. तथापि देवाला दाखविलेला कोंबडा अखेर घराच्याच चुलीवर शिजत होता, आणि वर्षाकाठी मांस पोटात जाण्याचे ते थोडेच प्रसंग होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

हिवाळ्यातील पोपटी हा याच व्यवस्थेचा आनंदाचा भाग होय. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायचा. शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी रचायची, तोंड पाल्याने बंद करून मडके पालथे घालायचे आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवायच्या. त्यात पाण्याचा थेंब नाही की तेलाचा टिपका नाही. शेतातला वाल, बांधावरचा पाला आणि परसातली कोंबडी असा हा बेत सगळा घरचाच असे.

खुडूक कोंबडी आणि लेगहॉर्न

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (1956-61) कुक्कुटविकासाला देशव्यापी स्वरूप देण्यात येऊन प्रादेशिक कुक्कुटपालन केंद्रे स्थापन झाली, त्यांपैकी एक मुंबईजवळ आरे येथे होते. पुण्याजवळ खडकीचे उबवणी केंद्र होते. व्हाईट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातींचे नर व पिले ग्रामीण भागात द्यावीत आणि गावठी कोंबडीची ‘सुधारणा’ करावी, असे या कार्यक्रमाचे सूत्र होते.

आकडे सुधारणेच्या बाजूने होते. गावठी कोंबडी वर्षाला साठच्या आसपास अंडी देते, तर निवडीने तयार केलेली लेगहॉर्न त्याच्या चौपट-पाचपट. यामागील कारण पाहणे उद्बोधक आहे. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घातल्यावर खुडूक बसते. एकवीस दिवस ती अंडी उबविते आणि पुढे दोन-अडीच महिने पिलांना घेऊन हिंडते. या काळात तिचे अंडी घालणे बंद असते. कुक्कुटशास्त्राने खुडूक होणे हा दोष मानला व निवडपद्धतीने तो लेगहॉर्नमधून काढून टाकला. खेड्यातील स्त्रीच्या दृष्टीने मात्र तोच कोंबडीचा मुख्य गुण होता. खुडूक कोंबडी हे तिचे उबवणी यंत्र होते, त्याला वीज लागत नव्हती. घारीची सावली पडताच पिलांना पंखाखाली घेणारी राखणदारही तीच होती. लेगहॉर्नला हे काहीच येत नव्हते. शिवाय तिचा पांढरा रंग घारीला दुरून दिसे. विकतच्या खाद्याविना तिची अंडी घटत, आणि ती मेली की नवे पिलू सरकारी केंद्रातूनच आणावे लागे. सुधारित कोंबडी खेड्यात टिकली नाही, याचे खापर अनेकदा ग्रामस्थांच्या अज्ञानावर फोडले गेले आहे. वरील हिशेब पाहता अज्ञान नेमके कोणाचे, याचा फेरविचार करावा लागतो.

रोगनिवारणाच्या बाबतीतही हेच घडले. मानमोडी म्हणजेच राणीखेत. कुमाऊँमधील राणीखेत येथे 1927 च्या सुमारास आढळलेल्या साथीवरून हे नाव पडले. तिच्यावरील परिणामकारक लस भारतीय संशोधकांनी 1940 च्या दशकात विकसित केली, ही निश्चितच अभिमानाची बाब आहे. परंतु लशीची कुपी शंभर वा त्याहून अधिक मात्रांची येते, ती थंडाव्यात ठेवावी लागते आणि एकदा विरघळविल्यावर काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या कातकरी वाडीतील बाईने ती कुपी घ्यावी कशी? लस उपलब्ध असूनही परसातील कोंबडी मानमोडीने मरत राहिली, त्यामागे कुपीचा आकार हे एक साधे कारण आहे.

शेडचा काळ

1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली, 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अस्तित्वात आली आणि कुक्कुटपालन हा उद्योग झाला. 1990 नंतर ब्रॉयलरचे करारपद्धतीचे संगोपन दक्षिणेकडून महाराष्ट्रात पसरले व मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याने रायगडमध्येही शेड उभ्या राहिल्या. कंपनी एक दिवसाचे पिलू, खाद्य व औषध देते. शेतकरी शेड, पाणी, वीज व श्रम देतो आणि किलोमागे ठरलेला दर घेतो. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंचा पक्षी तयार होतो. बोलीभाषेत त्याचे नाव ‘बॉयलर’. या पक्ष्याच्या रक्तात कॉर्निश जातीचा वाटा मोठा आहे, आणि कॉर्निश घडली ती इंग्लंडमधील हौशी पाळणाऱ्यांनी भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांपासून. म्हणजे गावठी कोंबडीला बाजारातून हटविणारा पक्षी अंशतः येथूनच गेलेला होता.

शेडसाठी जमीन, कर्ज व करारावर सही लागते. या तिन्ही ठिकाणी नाव बहुधा पुरुषाचे असते. 1999 मध्ये सुरू झालेल्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेतून महिला बचत गटांनाही कुक्कुटपालनासाठी कर्जे मिळू लागली. त्यातून स्त्रिया बँकेपर्यंत पोहोचल्या, हे मान्यच करावे लागेल. मात्र हप्ता ठरला की पक्ष्यांची संख्या ठरते, खाद्याची उधारी ठरते, आणि चार अंडी बाजूला काढण्याची मुभा राहत नाही.

साथ, वादळ आणि नवी हौस

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लूची नोंद झाली. बाधित क्षेत्राच्या परिघातील सर्व पक्षी नष्ट करण्याचे धोरण शेड व परस असा भेद करीत नाही. रोगशास्त्राच्या दृष्टीने तसा भेद करताही येत नाही. पण शेडमधील पक्षी पुन्हा विकत मिळतो. परसातील कोंबडी म्हणजे त्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या तगलेला वंश असतो. नंदुरबारचा पट्टा तर बुसरा या देशी जातीचे माहेर आहे. जानेवारी 2025 मध्ये हाच प्रसंग रायगडमधील उरण तालुक्यातील चिरनेर येथे आला. 1930 च्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासाला परिचित असलेल्या या गावी घरोघरच्या कोंबड्या मारण्यात आल्या. गाईंत कोकण कपिला आणि शेळ्यांत कोकण कन्याळ या जातींना राष्ट्रीय नोंदणी मिळाली आहे. कोकणातील कोंबडी मात्र ‘गावठी’ या एका सर्वसामान्य नावाखालीच राहिली. काय नष्ट झाले हे सांगण्यासाठी तिला नावसुद्धा नाही.

2020 हे वर्ष दोन कारणांनी लक्षणीय ठरले. कोंबडीमुळे करोना होतो या अफवेने फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रॉयलरचे दर कोसळले आणि 3 जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यातील शेडचे पत्रे उडविले. त्याआधीच, 2019 च्या विसाव्या पशुगणनेत, एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली होती. देशातील एकूण 85.18 कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांपैकी 31.70 कोटी परसातील होते, आणि 2012 च्या तुलनेत त्यांत सुमारे 46 टक्के वाढ झाली होती. व्यापारी क्षेत्राची वाढ अवघी साडेचार टक्के होती.

या वाढीत शासनाच्या वाटपाचा भाग आहे, तसा हौसेचाही. पेण, रोहा परिसरात मुंबईकरांची फार्महाऊस झाली. तेथे कडकनाथ, टर्की, बदके शोभेला आली. त्यांची देखभाल बहुधा जवळच्या वाडीतील बाईच पगारावर करते. मुंबई-गोवा रस्त्यावर ‘गावठी अंडी’ असा फलक आढळतो व त्या अंड्याला शेडच्या अंड्यापेक्षा अधिक भाव मिळतो. ते तपकिरी अंडे पुष्कळदा गिरिराज किंवा वनराज यांसारख्या सुधारित कोंबडीचे असते. गिरिराज 1989 च्या सुमारास बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. परसासाठीच घडविलेल्या या जाती रंगीत आहेत, घारीला चटकन दिसत नाहीत, उकिरड्यावर चरतात. लेगहॉर्नच्या अपयशातून शास्त्रज्ञ शिकले याचा हा पुरावा आहे. मात्र त्या क्वचितच खुडूक बसतात. म्हणून त्यांची अंडी उबवायची झाल्यास ती गावठी कोंबडीखाली ठेवावीत, असा सल्ला आता तज्ज्ञच देतात. आणि त्यासाठी वाडीत एखादी खुडूक कोंबडी कोणाकडे आहे, याची चौकशी बायका एकमेकींकडे करीत असतात.