नाळेने दिलेली साक्ष

'तिथे माझी नाळ पुरली आहे' असे आपल्याकडे माणूस म्हणतो, तेव्हा तो जन्मगावाशी असलेले आपले नाते सांगत असतो. जपानमध्ये नाळ जपून ठेवण्याची रीत आहे. बाळाची गळून पडलेली नाळ वाळवायची, लहानशा लाकडी पेटीत ठेवायची आणि ती पेटी घरात वर्षानुवर्षे सांभाळायची. आई आणि मूल यांच्यातल्या बंधाची ती खूण. मिनामाता नावाच्या गावात मात्र याच पेट्यांमधल्या नाळा पुढे प्रयोगशाळेत गेल्या. आईच्या पोटात असतानाच मुलांना विषबाधा झाली होती, याची साक्ष त्यांनी दिली.

मिनामाता हे जपानच्या क्यूशू बेटावरचे, कुमामोतो प्रांतातले किनाऱ्यालगतचे गाव. समोर शांत, जवळपास बंदिस्त असा शिरानुई समुद्र. १९०८ साली इथे चिस्सो कंपनीचा कारखाना आला आणि गाव त्याच्या आधाराने वाढले. १९३२ पासून या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. प्लास्टिक आणि इतर अनेक वस्तूंच्या उत्पादनात ते लागते. ते बनवताना पाऱ्याचा एक क्षार वापरला जाई. या प्रक्रियेत पाऱ्याचा काही अंश मिथिल मर्क्युरी या सेंद्रिय रूपात जाई आणि सांडपाण्याबरोबर खाडीत सोडला जाई.

आता साधा पारा आणि मिथिल मर्क्युरी यांत मोठा फरक आहे. मिथिल मर्क्युरी सजीवांच्या शरीरात मुरते आणि लवकर बाहेर पडत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांकडून ते लहान माशांत, लहान माशांकडून मोठ्या माशांत जाते आणि प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढत जाते. शेवटच्या पायरीवर मासे खाणारी मांजरे होती, पक्षी होते आणि तिन्ही त्रिकाळ मासे खाणारी कोळ्यांची कुटुंबे होती.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला वस्त्यांमधली मांजरे वेडीवाकडी नाचू लागली, गरगर फिरून समुद्रात पडू लागली. कावळे उडता उडता कोसळू लागले. मग पाळी माणसांची आली. १९५६ च्या एप्रिलमध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला कारखान्याच्याच रुग्णालयात आणले गेले. तिला नीट चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते. काही दिवसांतच तिच्या धाकट्या बहिणीलाही तोच त्रास सुरू झाला. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य खात्याला कळवले, की मज्जासंस्थेचा एक अज्ञात आजार पसरतो आहे. हाच दिवस या रोगाच्या अधिकृत नोंदीचा दिवस मानला जातो.

हा आजार संसर्गजन्य नसून खाडीतल्या माशांमधून होणारी विषबाधा आहे, हे कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी ओळखले. तरी मासेमारीवर कायदेशीर बंदी आली नाही. प्रांताच्या प्रशासनाने १९५७ मध्ये तशी विचारणा केली, तेव्हा खाडीतले सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, असे उत्तर केंद्र सरकारकडून आले. १९५८ मध्ये कंपनीने सांडपाणी सोडण्याची जागा बदलून ते नदीच्या मुखाशी सोडले. परिणामी रोग किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पोहोचला. १९५९ मध्ये डॉ. होसोकावा यांनी कारखान्यातले सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. या मांजराचा क्रमांक होता ४००. त्याला हुबेहूब तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही.

या सगळ्या काळात गरोदर बायका तेच मासे खात होत्या. कोळ्याच्या घरात दुसरे काय असणार? शिवाय पोटुशीने मासे खाल्ले की बाळ धष्टपुष्ट होते, हा समज तिथेही होता.

१९५५ पासून या वस्त्यांमध्ये जन्मलेल्या काही बाळांचे काहीतरी बिघडले आहे, हे आयांच्या लक्षात येऊ लागले. बाळ मान धरत नव्हते, बसत नव्हते, हातपाय वाकडे होत होते, गिळता येत नव्हते. डॉक्टर सांगत, हा जन्मजात मेंदूचा पक्षाघात आहे. हे मिनामाता रोगाचे रुग्ण कसे असतील? या मुलांनी तर मासा तोंडातही घेतलेला नाही. आणि आई बहुतेक वेळा धडधाकट दिसे किंवा तिला थोडासा बधिरपणा असे. वार, म्हणजे गर्भवेष्टन, विषाला अडवते आणि गर्भाचे रक्षण करते, अशी त्या काळच्या वैद्यकशास्त्राची पक्की समजूत होती.

१९६१ साली कुमामोतो विद्यापीठातले एक तरुण डॉक्टर, मासाझुमी हाराडा, या वस्त्यांमध्ये घरोघर फिरत होते. एका घरी त्यांना दोन भाऊ दिसले. दोघांची लक्षणे सारखीच. दोघेही मिनामाता रोगाचे रुग्ण असणार असे त्यांना वाटले. पण आईने सांगितले, थोरल्याला मिनामाता रोग आहे, धाकट्याला नाही; कारण धाकट्याने मासे खाल्लेले नाहीत, असे डॉक्टरच सांगतात. तिला स्वतःला हे पटलेले नव्हते. धाकटा पोटात असताना तिने मासे खाल्ले होते, ते विष त्याच्याकडे गेले असणार, असे तिचे म्हणणे होते. आसपासच्या घरांत त्याच सुमारास जन्मलेली अशीच आणखी मुले असल्याचेही तिने सांगितले.

एका कोळ्याच्या बायकोचे हे म्हणणे पुस्तकातल्या ज्ञानाच्या विरुद्ध होते. हाराडांनी ते खरे धरून तपासायला घेतले. त्यांनी मुले शोधली, त्यांच्या जन्मतारखा आणि लक्षणे यांची तुलना केली. ही मुले ज्या वस्त्यांत आणि ज्या वर्षांत जन्मली, तिथेच आणि तेव्हाच मोठ्या माणसांचा रोगही जोरात होता. पण शासकीय समितीला एवढा पुरावा पुरेसा वाटला नाही. अखेर यांपैकी दोन मुलांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले, मेंदूतली हानी दिसली आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये १६ मुलांना जन्मजात मिनामाता रोगाचे रुग्ण म्हणून मान्यता मिळाली. पुढे ही संख्या ६० च्या वर गेली. थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळांमध्ये व्यंग येते, हे युरोपात उघड झाले तेही १९६१ मध्येच. वार ही अभेद्य भिंत नाही, हे जगाला एकाच सुमारास दोन ठिकाणी कळले.

नाळेच्या पेट्यांचा उपयोग झाला तो यानंतर. मुले मोठी झाली होती. जन्माच्या वेळी त्यांच्या शरीरात किती विष होते, हे आता कसे कळणार? हाराडांना जपून ठेवलेल्या नाळांची आठवण झाली. घराघरांतून नाळा मिळवून त्यांतली मिथिल मर्क्युरी मोजली गेली. कारखान्याचे उत्पादन ज्या वर्षांत वाढले, त्या वर्षांतल्या नाळांमध्ये विषही वाढलेले होते. कारखान्याच्या दप्तरात जे सापडले नसते, ते आयांनी नकळत जपून ठेवले होते.

शास्त्रज्ञांना पुढे कारणही उमगले. मिथिल मर्क्युरी शरीरातल्या एका अमिनो आम्लाला चिकटते. वार त्याला बाळाला हवे असलेले पोषणद्रव्यच समजते आणि आत घेते. म्हणूनच नाळेतल्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त आढळते. आईच्या अंगातले विष काही प्रमाणात बाळाने ओढून घेतलेले असते. मिनामातातली एक आई आपल्या जन्मजात रुग्ण मुलीला 'घरचे रत्न' म्हणत असे, कारण या लेकीने आपले विष स्वतःवर घेतले आणि आपल्याला व पाठच्या भावंडांना वाचवले, अशी तिची भावना होती. या मायलेकींचे यूजिन स्मिथ यांनी १९७१ मध्ये टिपलेले छायाचित्र जगभर गाजले. मुलीच्या मृत्यूनंतर, तिला आता विश्रांती मिळावी या आईवडिलांच्या इच्छेखातर, ते अनेक वर्षे प्रसिद्धीतून मागे घेतले गेले.

न्याय मात्र सावकाश आला. सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. त्याच्या चारच महिने आधी ती उत्पादनपद्धती कंपनीने बंद केली होती. तिची गरज उरली नव्हती म्हणून. डॉ. होसोकावा यांनी १९७० मध्ये आजारपणात, रुग्णालयातल्या खाटेवरून मांजर क्रमांक ४०० ची साक्ष दिली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले. सरकारचीही जबाबदारी होती, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २००४ साल उजाडले. मिनामाताच्या वेदना लिहून ठेवणाऱ्या लेखिका मिचिको इशिमुरे यांना १९७३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली, तेव्हा मिनामाताची एक पंधरा वर्षांची मुलगी तिथे गेली होती. तिला हा रोग आईच्या पोटात असतानाच झाला होता. २०१३ मध्ये पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मिनामाताचेच नाव दिले गेले. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. आपल्याकडे कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातून बाहेर पडलेल्या पाऱ्यामुळे तो कारखाना २००१ मध्ये बंद झाला होता; तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

याचा अर्थ गरोदर बाईने मासे सोडावेत, असा नव्हे. मासे हे उत्तम अन्न आहे. तारली, मांदेली यांसारख्या लहान माशांत पारा सहसा कमी असतो. शार्कच्या जातीचे मोठे, शिकारी मासे मात्र त्या काळात टाळावेत, असे तज्ज्ञ सांगतात. पण ताटातला मासा निवडणे एवढेच बाईच्या हाती असते. पाण्यात काय सोडायचे, हे ठरवणारे हात वेगळे असतात. मिनामाताच्या आयांनी बाळासाठी जे चांगले म्हणून खाल्ले, त्यात विष कालवणारे दुसरेच होते. तरी 'माझ्याच खाण्याने हे झाले' हा सल मात्र आयांनीच जन्मभर वागवला.