चिखलातल्या तीस धावा

दादर युनियनचे जुने पाठीराखे खेळाडूची आठवण काढतात तेव्हा आधी पाऊस सांगतात. रात्रभर किती कोसळला, गांधी मार्केटपाशी पाणी कुठवर चढलं होतं, शीवला रूळ दिसत होते की नाही. मग दडकर मैदानावरचं गवत. आणि मग कुठे फलंदाजाचं नाव येतं आणि त्याच्या पंचवीस-तीस धावा. ज्या क्लबाने सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर दिले, त्याच्या आठवणी तीस धावांच्या का, असं नव्या माणसाला वाटतं. शीव-माटुंग्याच्या या पट्ट्यात वाढलेल्याला वाटत नाही, कारण त्याने कांगा लीग पाहिलेली असते.

डॉ. होरमसजी कांगा हे पारशी फलंदाज, पेशाने डॉक्टर. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी १६३ धावा केल्या. तो सामना आपण जिंकला आणि त्यात पळवणकर बाळूंनी ११ बळी घेतले. त्या काळी जातीपायी बाळूंच्या वाट्याला काय आलं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण तो विजय पारशी डॉक्टरच्या बॅटीचा आणि चर्मकाराच्या मुलाच्या डावखुऱ्या फिरकीचा होता, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

कांगांच्या नावाने मुंबईत लीग सुरू झाली ती १९४८ साली, आणि तीही ऐन पावसाळ्यात. तोवर पावसाळ्यात मैदानं फुटबॉलची असत. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, त्याचे दर्दी पिढ्यानपिढ्यांचे. क्रिकेटवाले बॅटीला तेल पाजून ती कपाटात ठेवत आणि दसऱ्या-दिवाळीची वाट पाहत. कांगा लीगने त्यांना जुलैच्या चिखलात उतरवलं. इंग्लंडच्या ओल्या विकेटची सवय करायची तर मुंबईचा पाऊस आयता हाताशी आहे, असा त्यामागचा विचार.

हा विचार किती निकडीचा होता हे त्याच मोसमात दिसलं. मार्च १९४९ मध्ये पुण्याला मुंबई-महाराष्ट्र रणजी सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा! दादर युनियनच्या माधव मंत्रींनी त्यात २०० काढल्या. पाटा विकेटवर गोलंदाजांची नुसती हमाली. आणि त्याच फलंदाजाने रविवारी सकाळी कांगाला यायचं, तर खेळपट्टी रात्रभर उघड्यावर भिजलेली. गोलंदाजाचा पाय रुतू नये म्हणून लाकडाचा भुसा टाकलेला. एक चेंडू टप्प्यावर थांबून येतो, दुसरा तिथूनच छातीवर उसळतो. सुरेख ड्राइव्ह मारावा तर चेंडू वीस पावलांवर गवतात अडकतो आणि फलंदाज एक धाव घेऊन हळहळतो. चेंडू जमिनीलगत ठेवायचा ही एरवी मुंबईची शिकवण, पण इथे चौकार हवा असेल तर उचलूनच मारावं लागतं, आणि उचललं की झेल. अशा मैदानावर शंभर धावांत जिंकता येतं, म्हणून तिथल्या तीस धावा लोक पन्नास वर्षं जपतात.

त्यातून पाठीराख्यांची एक वेगळीच यादी तयार झाली. रामनाथ पारकर दोनच कसोटी खेळले, पण कव्हरला ते उभे असले की फलंदाज एकेरी धाव चोरायला धजत नसे, हे ऐकवताना म्हाताऱ्यांचे हात आपोआप झेप घेतात. ‘मार्शल’ विठ्ठल पाटील कसोटी खेळले नाहीत, तरी कांगा लीगचा विषय निघाला की त्यांच्यावाचून तो पुढे सरकत नाही. वासू परांजपे कर्णधार म्हणून आठवतात. गावसकरांना ‘सनी’ हे नाव दिलं ते त्यांनीच. प्रतिस्पर्धी शिवाजी पार्क जिमखान्याच्या पद्माकर शिवलकरांबद्दल मात्र दादर युनियनवालेही आवाज उतरवून बोलतात. ५८९ प्रथमश्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही. हा अन्याय क्लबाच्या भांडणापलीकडचा आहे.

दोन क्लबांची चुरस अशी की रक्ताच्या नात्यासारखी सगळीकडे बरोबर जाई. १९५२ साली लीड्सला भारताचे शून्यावर चार गडी बाद झाले. त्यातले दोन इंग्लंडच्या ट्रूमनने लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत केले, दादर युनियनचे मंत्री आणि शिवाजी पार्कचे विजय मांजरेकर. ‘पण विजयने पहिल्या डावात १३३ काढल्या होत्या,’ असं शिवाजी पार्कवाला लगेच म्हणणार, आणि ते खरंच आहे.

मंत्री हे गावसकरांचे नानामामा. भाच्याने लहानपणी त्यांचा भारताचा स्वेटर मागितला, तेव्हा तो मागून मिळत नाही, कमवावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. दादर युनियनची सगळी शिस्त त्या नकारात आहे.

वाद एकाच जागी अडतो. क्लबाचा सार्वकालिक संघ निवडायचा तर यष्टीमागे कोण? मंत्री यष्टिरक्षक, चार कसोटी खेळलेले. नरेन ताम्हाणेही यष्टिरक्षक, २१ कसोटींत ५१ बळी. जुने लोक मंत्रींचं नाव घेतात, कारण त्यांना कर्णधार हवा असतो. मी ताम्हाणेंना ग्लोव्हज देतो आणि मंत्रींना सलामीला पाठवतो. ओल्या विकेटवर थांबून-उसळून येणारा चेंडू यष्टीला चिकटून उभं राहून पकडायचा, तर मला ताम्हाणेंचेच हात हवेत.