लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींवरील डिकॅल

प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर पाण्याच्या साहाय्याने चिकटवायचे छापील चिन्ह म्हणजे डिकॅल. खास कागदावर डेक्स्ट्रिनचा लेप आणि त्यावर पारदर्शक पापुद्र्यात छापलेले चिन्ह, अशी त्याची रचना असते. कागद पाण्यात भिजला की डेक्स्ट्रिन विरघळते, पापुद्रा सुटतो आणि बोटाच्या हलक्या दाबाने हव्या त्या जागी सरकवता येतो. किटच्या खोक्यात येणाऱ्या डिकॅलऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून स्वतंत्रपणे घेतलेला संच म्हणजे आफ्टरमार्केट डिकॅल.

या तंत्राचे कूळ चिनी मातीच्या वस्तूंशी जोडलेले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधील कारागीर कोरीव पत्र्यावरचे चित्र आधी पातळ कागदावर घेत आणि मग वस्तूवर उतरवत. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये प्रतिज्ञापत्र केले, की या पद्धतीने त्यांनी सहा तासांत १,२०० हून अधिक टाइल छापल्या. एकोणिसाव्या शतकात अशी चित्रे उतरवणे हा युरोप-अमेरिकेत घरोघरचा छंद झाला. पुढे कारखान्यांनीही हे तंत्र उचलले.

विमानांच्या प्लॅस्टिक किटची सुरुवात १९३६ मध्ये ब्रिटनमधील ‘फ्रॉग पेंग्विन’ मालिकेने झाली. तिने १/७२ हे प्रमाण रूढ केले. १९५३ मध्ये एअरफिक्सचे स्पिटफायर आले आणि किट सामान्य घरांपर्यंत पोहोचले. मात्र किटमधील डिकॅल बहुधा एका-दोन विमानांपुरतेच असत आणि अनेकदा जाडेभरडे निघत. महागडा साचा एकदा बनवला की त्यातून सारखीच विमाने निघतात. प्रत्यक्षात मात्र त्याच जातीच्या प्रत्येक विमानाचा क्रमांक, स्क्वाड्रन आणि इतिहास वेगळा असतो. ही उणीव भरून काढण्यासाठीच स्वतंत्र डिकॅलचा व्यवसाय उभा राहिला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि विशेषतः १९७० च्या दशकात त्याला बहर आला. अमेरिकेत मायक्रोस्केल आणि ब्रिटनमध्ये मॉडेलडिकॅल ही नावे छंदिष्टांच्या तोंडी बसली. जेट विमाने या व्यवसायाला फार सोयीची होती. फँटम एफ-४ हे विमान पाच हजारांहून अधिक संख्येने बनले आणि अमेरिकेखेरीज अकरा देशांनी वापरले. म्हणजे एकाच किटवर अनेक हवाई दलांची चिन्हे चढवता येत. अमेरिकी नौदलाच्या स्क्वाड्रन तर शेपट्या मोठ्या हौसेने रंगवत. व्हीएफ-८४ ची काळी शेपटी आणि तिच्यावरची कवटी व हाडे हे त्याचे ठळक उदाहरण.

डिकॅल रंगवल्यासारखे दिसावे यासाठी आधी पृष्ठभाग चकचकीत लागतो. खरबरीत मॅट रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. चिन्ह जागेवर बसले की त्यावर पापुद्रा मऊ करणारे द्रावण लावतात. पापुद्रा आधी सुरकुततो, पण त्या वेळी त्याला हात लावायचा नसतो. वाळताना तो पत्र्यांच्या सांध्यांत आणि रिव्हेटवर घट्ट बसतो. छपाईचीही येथे कसोटी लागते. विमानावरचे २५ मिलिमीटर उंचीचे अक्षर १/७२ प्रमाणात जेमतेम ०.३५ मिलिमीटरचे होते, तरी ते वाचता यावे लागते. १९८० च्या दशकात अमेरिकी नौदलाची विमाने करडी झाली आणि करड्यावर करडी चिन्हे छापताना छटेतला थोडा फरकही नजरेत भरू लागला.

चांगल्या डिकॅलचे खरे मोल त्यामागच्या संशोधनात असते. व्हिएतनाम युद्धात १० मे १९७२ रोजी अमेरिकी नौदलाचे रँडी कनिंगहॅम आणि विल्यम ड्रिस्कॉल यांनी १५५८०० क्रमांकाच्या एफ-४जे फँटममधून तीन मिग-१७ पाडली. परतताना त्यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागले, दोघांनी उडी घेतली आणि विमान नष्ट झाले. म्हणजे त्या दिवसाच्या तीन विजयांची चिन्हे त्या विमानावर कधी रंगवलीच गेली नाहीत. प्रतिकृतीवर ती लावली, तर कधीच अस्तित्वात नसलेले विमान तयार होते. म्हणून जाणकार उत्पादक आधी छायाचित्रे, त्यांच्या तारखा आणि अनुक्रमांक पडताळतात. विमानाची जात दाखवणे किटला जमते. एका विशिष्ट विमानाची विशिष्ट दिवसाची ओळख डिकॅल देते.

भारतीय हवाई दलाच्या प्रतिकृतींना याचा मोठा आधार मिळाला. हॉकर हंटरच्या किटमध्ये सहसा ब्रिटिश चिन्हे येत. भारताचे हंटर मार्क ५६ हे ब्रिटनच्या मार्क ६ वरूनच घडवलेले असल्याने त्या किटचा उपयोग होतो. मात्र केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळ आणि ‘बीए’ अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक वेगळे मिळवावे लागतात. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडलेली हंटर विमाने त्याशिवाय घडवता येत नाहीत. घरच्या साध्या प्रिंटरवरही हे काम भागत नाही, कारण त्यात पांढरी शाई नसते आणि पारदर्शक पापुद्र्यावरचे रंग गडद पृष्ठभागावर फिके पडतात. म्हणून अपारदर्शक शाईची स्क्रीन छपाई आजही महत्त्वाची आहे.

अशा संचांच्या आवृत्त्या छोट्या असतात आणि संपल्या की पुन्हा निघतीलच असे नाही. त्यामुळे जुने संच जपून ठेवतात. पापुद्रा पिवळा पडला तर कागद खिडकीच्या काचेला लावून काही दिवस उन्हात ठेवतात. पिवळेपणा बराच उतरतो. पापुद्र्याला तडे गेले असतील तर भिजवण्यापूर्वी त्यावर पारदर्शक द्रावणाचा नवा थर देतात आणि वाळल्यावर चिन्ह कापून वापरतात.